पडद्याच्या कडा

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

ॲपचा नवा पडदा आज पुरा झाला. पुरा म्हणजे माझ्या लेखी. मालक पुनीतभाऊंनी अजून 'हो' म्हटलेलं नाही. ॲप बांधणारा समाधान तर स्पष्टच बोलला, "ताई, दिसायला भारी आहे, पण लोकांना जमेल का?" त्याचा जुना पडदा मी मोडीत काढला म्हणून त्याला राग आला असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, खरंच जमेल का?

पुणं सोडून जळगावला परत येताना मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं होतं की तिथे एका बँकेच्या ॲपमधलं एखादं बटण गोल की चौकोनी यावर महिने जातात, इथे अख्खं ॲप माझ्या हातात येणार. आता ते आलंय आणि रोज सकाळी ऑफिसची पायरी चढताना वाटतं, ते एखादं बटणच बरं होतं.

'आयक', अहिराणीत 'ऐक', हे खानदेशातल्या गाण्यांचं ॲप. हळदीची गाणी, कानबाईच्या सणातली, भीमगीतं, बायकांनी गावागावांत म्हटलेल्या ओव्या. पुनीतभाऊंचे वडील मांगीलालशेठ यांचं कॅसेटचं दुकान होतं. गाडीत रेकॉर्डिंगचं यंत्र टाकून ते बोदवडपासून धुळ्यापर्यंत हिंडले, आणि त्या कॅसेटींतली गाणी आज आमच्याकडे आहेत. दुसऱ्या कुणाकडे नाहीत. तरी लोक ॲप उतरवून घेतात, एकदा उघडतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, विशेषतः वयस्क माणसं. पडदा समाधानने घाईत केलेला: भडक रंग, खाली चार लाल बटणं, त्यांवर फक्त चित्रं. ते सुधारायला मला घेतलं आहे.

गंमत म्हणजे आई तोच भडक पडदा रोज वापरते. स्वयंपाक करता करता, न बघता अंगठ्याने गाणं बदलते. तिला कधी काही विचारावं लागलं नाही. आमच्या श्रोत्यांत तिच्याइतकी पक्की कुणी नसेल. उद्या नवा पडदा आधी तिलाच देणार.

५ सप्टेंबर

दिला. आईने फोन हातात घेतला, अंगठा जुन्या जागी टेकवला. तिथे आता काहीच नाही. पुन्हा टेकवला.

"गाना कोठे गयात?"

"खाली पट्टी आहे ना, तिथे बघ."

"कोठे?"

"अगं, खालीच. तुझ्या अंगठ्याशेजारी."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग फोन ओट्यावर पालथा ठेवला. "राहू दे. माले भाजी निवडनी शे."

आई असं सोडून देणारी बाई नाही. धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन जळगावात आली, बाबा गेल्यावर अंगणवाडी सांभाळून मला शिकवलं, निवृत्त झाल्यावर एका दुपारी स्मार्टफोन शिकली. तिला जमलं नाही म्हणजे चूक माझ्या पडद्याची आहे.

९ सप्टेंबर

आज पुनीतभाऊंनी समाधानला आणि मला बसवून सांगितलं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला गाण्यांचा सगळा साठा हवा आहे. "बाबांचा जीव आहे त्या कॅसेटींत, म्हणून थांबलोय," ते म्हणाले. "पण ऐकणाराच टिकत नसेल तर मी किती दिवस ओढू? तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. तोवर नवं ॲप लोकांच्या हातात पाहिजे आणि लोक त्यात थांबले पाहिजेत. नाहीतर मी देऊन टाकतो."

मुंबईच्या त्या समुद्रात आमच्या ओव्या कोण शोधणार? आणि समाधानचं नुकतंच लग्न ठरलंय. तो पेनाचं टोपण लावत-काढत राहिला.



१४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर आईला घेऊन बसले. तिच्या मागे मोबाईल लावून तिचा हात आणि पडदा दोन्हींचं चित्रीकरण केलं. पुण्यात आम्ही असंच करायचो: माणूस कुठे अडतो ते बघायचं, मध्ये बोलायचं नाही. न बोलणं आईच्या बाबतीत फार जड गेलं.

ती खालची पट्टी शोधतच नाही. वर कोपऱ्यात भिंगाचं चित्र आहे, तेही नाही. नवीन गाण्याची सूचना वरून घसरत येते आणि निघून जाते, ती मान वर करत नाही. फोन हात ताणून लांब धरला की मात्र पट्टी सापडते! म्हणजे चाळिशीचा प्रकार, अक्षरं लहान पडत असणार, असं वाटलं. मी तिथल्या तिथे सगळं मोठं केलं. अक्षरं मोठी, बटणं मोठी.

तर आणखी बिघडलं. आता तिला काहीच सापडेना.

आणि नजर तर चांगली आहे! वाचायचा चष्मा लावला की गायिकेचं बारीक टायपातलं नाव घडाघडा वाचते. माझ्या कुर्त्याची उसवलेली शिवण तिने आजच घातली, सुईत दोरा एका फटक्यात. मी तिच्या वयाची होईन तेव्हा मला जमणार नाही.

मग अडतं कुठे? मला काहीतरी दिसत नाहीये.

२० सप्टेंबर

सापडलं!

खालची पट्टी काढून टाकली. कोपरे रिकामे. पडद्याच्या मधोमध एक मोठं गोल बटण, त्यातच गाण्याचं नाव, दाबलं की वाजतं, पुन्हा दाबलं की थांबतं. बोट सरकवलं की पुढचं गाणं. आईच्या हातात दिलं.

तिने लगेच दाबलं. गाणं सुरू झालं. थांबवलं. पुढचं लावलं. माझ्याकडे बघून हसली, "आते कसं! हाई बेस शे."

मला रडू यायचं बाकी होतं. नवशिका माणूस मध्ये बघतो, कडेला बघतच नाही. आपण शहाणे लोक सगळं कडेला रचून ठेवतो. ऑफिसात हे सांगताना माझा आवाज चढला. समाधान म्हणाला, "ताई, पण मग गाण्यांची यादी कुठे बघायची?" मी म्हटलं, यादीच नको. पुनीतभाऊंनी बटण दोनचार वेळा दाबून बघितलं. शेवटी म्हणाले, "बघा बुवा. काम तुमचं आहे." ते 'बघा बुवा' मला अजून टोचतंय.

२६ सप्टेंबर

शेजारच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "तुझी आई आजकाल ओळख देत नाही गं. काल भाजीवाल्याकडे मी शेजारी उभी, बोलले, तर दचकली. आमचं काही चुकलं का?"

मी काहीतरी सारवासारव केली. पण खरं आहे. संध्याकाळी विहारात जायची, तेही बंद केलंय. विचारलं तर म्हणते गुडघा दुखतो. घरात मात्र गुडघ्याची तक्रार नाही, सरळ चालते, प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. परवा मी स्टूल हलवलं तर केवढी चिडली! त्याला धडकली होती म्हणून. आधी अशी चिडकी नव्हती.

पुण्याच्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना विसरण्याचा आजार झाला. सुरुवात अशीच झाली होती म्हणे. नव्या वस्तू जमेनात, माणसं टाळायला लागले, वस्तू हलवली की संताप.

नाही. असं काही नाही.

२ ऑक्टोबर

विजयादशमी. विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, आईला आग्रह करून नेलं. पांढऱ्या साडीत छान दिसत होती. बुद्धवंदना अस्खलित म्हटली, एक शब्द चुकली नाही. मला इतकं बरं वाटलं.

परतताना पायरीजवळ फुलांचं ताट ठेवलं होतं, तिचा पाय थेट त्यात गेला. पाकळ्या सगळीकडे. लोक म्हणाले, जाऊ द्या, होतं असं. ती खाली बसून फुलं गोळा करू लागली, हाताने जमीन चाचपत. एक झेंडू तिच्या उजव्या गुडघ्यालगत होता, तो तिने घेतलाच नाही. मीच उचलला.

रात्रभर त्या झेंडूचा विचार करत होते. समोर आहे आणि घेत नाही. लक्ष नसतं का तिचं? की लक्ष लागत नाही?

डॉक्टरकडे जाऊ या म्हणायचं धाडस होत नाही. कारण एकदा ते नाव उच्चारलं की ते खरं होईल.

१२ ऑक्टोबर, रविवार. धुळे

कालपासून मंजुळामावशीकडे. आईची धाकटी बहीण, बचत गटाची अध्यक्ष, एका हाकेवर दहा-बारा बायका जमवल्या. सगळ्यांना मधल्या बटणाचा पडदा दिला.

माती झाली.

मावशीच पहिली. "हाई काय व बाई, इतलं मोठं टिकलं! गाना कोठे शेतस?" सगळ्या हसल्या. कुणालाच आवडलं नाही. एकीला हळदीचंच गाणं हवं होतं, बोट सरकवून सरकवून कंटाळली. दुसरी म्हणाली, दुकानात गेल्यावर एकेक साडी पिशवीतून काढून दाखवली तर कोण घेईल, सगळी मांडून ठेवा ना. मग मी, फक्त बघावं म्हणून, माझा आधीचा खालच्या पट्टीचा पडदा दिला. सगळ्यांना पट्टी दिसली. त्यांतल्या दोघी आईपेक्षा वयाने मोठ्या, एकीला लिहिता-वाचता येत नाही. तिलाही दिसली. चित्रांचे अर्थ कळेनात म्हणून अडल्या, पट्टी दिसेना म्हणून कुणी अडलं नाही.

म्हणजे सगळ्या जगात ती पट्टी न दिसणारी एकटी माझी आई.

आईचं इथे काहीच धड चाललं नाही. आल्या आल्या उंबऱ्याला ठेच लागली. मावशीने शेजारून चहाचा कप पुढे केला तर तिने हातच पुढे केला नाही, मावशी कप धरून उभी. "काय व अक्का, माले इसरनी का?" मावशी हसत म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "प्रज्ञा, अक्कानं काय चाली ऱ्हायनं? तुले सांगस का काही?"

मी म्हटलं, वय झालं, दुसरं काय. आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

१३ ऑक्टोबर

परतीच्या बसमध्ये न राहवून आईची परीक्षा घेतली. गप्पांच्या ओघात घेतेय असं दाखवत. आज वार कोणता? काल मावशीने काय केलं होतं? माझ्या दहावीच्या बाईंचं नाव काय? सगळं बरोबर सांगितलं, बाईंच्या नवऱ्याची बदली वरणगावला झाली होती, हेसुद्धा. मग एकदम माझ्याकडे वळली.

"तू माले येडी समजस का?"

"नाही गं."

"मंग इचारी काय ऱ्हायनी? मनं डोकं ठिकाणावर शे."

मग खिडकीकडे तोंड करून बसली, ती जळगाव येईपर्यंत.

जळगावला स्टँडबाहेर रस्ता ओलांडताना मी सामान सावरत होते. ती पुढे झाली आणि एका मोटरसायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला. हातभर अंतर राहिलं. तो ओरडला, "मावशी, दिसत नाही का?"

"दिखस ना रे भाऊ, दिखस," आई म्हणाली. आणि तिने माझा दंड घट्ट धरला.

१५ ऑक्टोबर

ऑफिसात मी धुळ्याचं सगळं खरं सांगितलं. लपवणार तरी काय, चित्रीकरण आहे. पुनीतभाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"प्रज्ञा, तुम्ही ॲप लोकांसाठी करताय की आईसाठी?"

"आईसुद्धा लोकांतच येते ना, भाऊ."

"मग दाखवून द्या. मध्येच का पाहिजे ते. 'आईला बरं पडतं' हे कारण मी बाबांना कसं सांगू? ते रोज विचारतात, पोरगी काय करतेय म्हणून."

मी म्हटलं, शनिवारपर्यंत दाखवते. हट्टानेच म्हटलं. मला अजूनही वाटतं की कडेचं माणसांना नीट दिसत नाही. फरक कमी-जास्त असेल, पण असणार. नाहीतर मग आईचं ते—

शनिवारी दाखवणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हे सगळं नीट लिहून काढायला हवं.

दाखवण्यासाठी मी एक साधी गोष्ट बनवली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर मध्ये एक फुली. माणसाने जवळ बसून फुलीकडेच बघायचं. मग कधी वर, कधी खाली, कधी पार कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर उमटतो. दिसला की बटण दाबायचं. दिसलेल्या जागी हिरवी खूण राहते. माझी कल्पना अशी की कडेला खुणा विरळ होत जातील आणि मी पुनीतभाऊंना म्हणेन, बघा.

सकाळी समाधानला बसवलं. पडदा सगळा हिरवा. मी बसले. सगळा हिरवा. निराश झाले, मनात म्हटलं, आमचे डोळे तरुण आहेत, आईला बसवू.

दुपारी जेवण झाल्यावर बसवलं. खेळ आहे म्हटलं. ती फुलीकडे बघत बसली, बटणावर बोट. एक ठिपका, दाबलं. मग नाही. मग नाही. कोपऱ्यात ठिपके येत होते, जात होते, ती शांत बसून होती. मला वाटलं, विसरली काय करायचं ते. "आई, दिसला की दाब."

"दाबसू ना. दिखू त दे."

शेवटी खुणा बघितल्या. फुलीभोवती हिरवा पुंजका, ताटलीएवढासुद्धा नाही, वाटीएवढा. बाकी सगळा पडदा पांढरा.

पुन्हा घेतलं. समजावून सांगून घेतलं. तीच वाटी.

मग मी तिच्या शेजारी उभी राहिले, काही न बोलता, आणि हात तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणला. बोटं हलवत. तिने बघितलं नाही. गालापुढे आणला. नाही. पार नाकासमोर आल्यावर ती दचकली, "काय करस व?"

भाजीवाल्यापाशी उभी असलेली काकू. फुलांचं ताट. चहाचा कप. मोटरसायकल. विसरत नव्हती ती. तिला दिसत नव्हतं.

महिनाभर मी तिच्या मागे कॅमेरा लावून बसले होते.

"आई, तुला बाजूचं दिसत नाही?"

ती फुलीकडेच बघत राहिली. "मधलं दिखस ना," म्हणाली.

१९ ऑक्टोबर

दिवाळीमुळे डोळ्यांचे सगळे दवाखाने बंद. एका ठिकाणी फोन उचलला, शुक्रवारी या म्हणाले. तोवर मी इंटरनेटवर काही वाचायचं नाही असं ठरवलं आणि सगळं वाचलं.

आई घरातली कामं नेहमीसारखी करते. मी तिच्यामागे मागे हिंडते. दोनदा ओरडली. बाहेर फटाके वाजतात आणि प्रत्येक आवाजाला मी तिच्याकडे बघते, कानाला तर काही झालं नाही ना म्हणून. माझंच डोकं ठिकाणावर नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

डॉक्टर बाई तरुण आहेत, शांत बोलतात. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत जाते, दुखत नाही, खुपत नाही, कडेपासून नजर जात जात मध्ये येते. मधली शेवटपर्यंत शाबूत, म्हणून सुईत दोरा.

"गेलेली परत येईल?"

"नाही. ती येत नाही." मग लगेच, "पण आहे ती राखायची. थेंब रोज, आयुष्यभर, एकही दिवस न चुकता. दाब उतरला नाही तर शस्त्रक्रियेचं बघू. आजच आणलंत हे चांगलं केलंत."

मी म्हटलं, इतके दिवस कळलं कसं नाही? मला वाटतं, मी जरा मोठ्याने म्हटलं. त्या म्हणाल्या, "पेशंटला स्वतःलाही फार उशिरा कळतं. आणि सवयीच्या जागी माणूस पाठांतराने चालतो."

आईने सगळं ऐकून फक्त एवढं विचारलं, "थेंबना टाइम कोनता?"

निघताना डॉक्टरांनी विचारलं, सख्खी भावंडं किती, मुलं किती. हा आजार घरात उतरतो म्हणाल्या. बहिणीने तपासून घ्यावं. आणि तुम्हीही.

२५ ऑक्टोबर

आज आईच बोलली. मी थेंब घातले, ती डोळे मिटून पडली होती, आणि तशीच बोलली.

"माले थोडं थोडं समजेल व्हतं. दोन साल व्हई ग्यात. वाटे, उमर व्हयनी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तठे पुण्यामा तुनं चांगलं चालेल व्हतं. सांगं असतं त तू तव्हाच उनी असती, मनाकरता. मंग तू आपली आपली उनी त वाटनं, आते त नहीच सांगनं. पोर परत बांधाई जाई."

मी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं.

"तुनं ते जुनं ॲप मना अंगठाले पाठ व्हतं. बघानं कामच नव्हतं. तू बटना सरकाई दिन्हात, आन मनं उघडं पडनं." आणि ती हसली. थेंब गालावर ओघळला, तो तिने पदराने पुसला. "चांगलं करं तू. नहीतं मी झाकतच ऱ्हायती."

मला तो पडदा कधी इतका वाईट आणि इतका चांगला वाटला नव्हता.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पुनीतभाऊंना सांगितलं: मधलं बटण चूक होतं. मी एका आजारी नजरेसाठी पडदा बांधत होते आणि त्याला सगळ्यांची सवय समजत होते. काढून टाकू या. दिवस फार थोडे राहिलेत, आणि हातात काही नाही, हेही सांगितलं.

ते बराच वेळ आईचीच चौकशी करत राहिले. मग म्हणाले, "बाबा पण रोज जुन्याच जागी दाबतात. मी म्हणायचो, हट्टी आहेत."

समाधानने तेव्हाच जुन्या ॲपची नोंद उघडली. जे थोडे वयस्क लोक टिकलेत, त्यांची बोटं कुठे पडतात ते दिसतं. तिथेच, खालच्या त्याच चार जागी. ते टिकले कारण त्यांना पाठ झालंय. बाकीचे गेले कारण पाठ व्हायच्या आत चित्रांनी घाबरवलं.

म्हणजे बटणं जिथे होती तिथेच राहू द्यायची. चित्रं काढून शब्द लिहायचे: 'लाव', 'थांब', 'पुढलं', 'यादी'. यादी मोठ्या अक्षरात, प्रसंगानुसार: हळद, लग्न, कानबाई, जयंती. एवढंच. माझ्या कामातलं जवळजवळ काहीच उरत नाही. समाधान म्हणाला, "ताई, मधलं बटण फेकू नका. सेटिंगमध्ये ठेवू. ज्याला पाहिजे तो लावून घेईल." मी त्याच्याकडे बघितलं तर तो पेनाकडे बघत होता.

५ नोव्हेंबर

नवं ॲप परवा गेलं. लग्नं सुरू झालीत. पहिल्या दोन दिवसांत शिव्या कमी आल्या, आणि आमच्या धंद्यात तेच पहिलं यश. लोक थोडे जास्त थांबतायत. 'थोडे' म्हणजे किती, ते मी दर तासाला बघते आणि समाधान मला ओरडतो. धुळ्याच्या त्या बचत गटात म्हणे आता भांडण आहे, हळदीला कुणाच्या फोनवर गाणी लावायची यावरून.

मुंबईवाल्यांना पुनीतभाऊंनी 'नाही' म्हटलेलं नाही. 'उन्हाळ्याची लग्नं होऊ द्या, मग बोलू' म्हटलंय. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत माझं दर तासाला आकडे बघणं चालूच राहणार.

मावशीने धुळ्यात तपासून घेतलं. तिचाही दाब वाढलेला निघाला, पण नजर पूर्ण आहे. वेळेत सापडलं. थेंब सुरू केले. फोनवर म्हणाली, "अक्काना डोयांनी मना डोया वाचाडात." आईने हे दोनदा सांगायला लावलं.

आता मी उरले. उद्या, उद्या करत ढकलतेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गेले. आईनेच ओढून नेलं. ती बाहेर बाकावर, मी आत अंधाऱ्या खोलीत. हनुवटी यंत्रावर टेकवायची, एक डोळा झाकलेला, हातात एक बटण. मधल्या ठिपक्याकडेच बघायचं, बारीक दिवा कुठेही दिसला की दाबायचं. माझ्याच लॅपटॉपवरचा खेळ, फक्त इथे हरणारी मी असू शकत होते.

दिवा येतो आणि मग मध्ये काहीच येत नाही. ती मधली वेळ भयंकर. दिवाच आला नाही, की आला आणि मला दिसला नाही? मी दाबत सुटले.

यंत्रावरची बाई म्हणाली, "ताई, दिवा नसताना दाबताय. सगळं परत करावं लागेल. घाबरू नका."

"घाबरले नाही," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतात."

दुसऱ्या खेपेला दिसलं तेवढंच दाबलं. न दिसलेलं न दिसलेलं राहू दिलं. फार कठीण असतं ते.

डॉक्टरांनी कागद बघितला. दाब ठीक, नस ठीक, नजर पूर्ण. दरवर्षी दाखवायचं. मी दोनदा विचारून खात्री केली, त्यांनी दोन्हीदा हसून तेच सांगितलं.

बाहेर आले. आई समोरच्या भिंतीकडे तोंड करून ताठ बसली होती, हात मांडीवर घट्ट धरलेले. स्वतःचा आजार कळला तेव्हाही अशी बसली नव्हती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसले.

"काही नाही निघालं आई. बरे आहेत माझे डोळे."

"खरं सांग. झाकी त नही ऱ्हायनी?"

"तू झाकतेस. मी नाही."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या त्या वाटीएवढ्या नजरेत पुरता बसेल असा मागे-पुढे करून नीट बघितला. आणि मग रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाकावरचे लोक बघत होते, आणि ते तिला दिसत नव्हते, म्हणून तिला हवं तितका वेळ मी तिला रडू दिलं.